वाऱ्याचं कलम

लातुरात विम्याचं काम करणाऱ्याकडे समुद्र सहसा येत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर, डाळमिल, गंजगोलाईतली दुकानं. आणि 30 सप्टेंबर 1993 ज्यांनी पाहिला त्यांचा ठरलेला प्रश्न, "भूकंप यात हाय का?" म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका डाळमिलचे मालक दिवेआगरच्या घराचे कागद घेऊन आले, तेव्हा मी हातातली सगळी कामं बाजूला सारली.

घर मुलाच्या हौसेपायी घेतलेलं. कौलारू, मागं सुपारीची वाडी, वाळूच्या अंगाला दगडी कुंपण, आणि चार खोल्या पाहुण्यांसाठी. तीन कंपन्यांची कोटेशनं ते आधीच घेऊन आले होते. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, "बाकी ऱ्हाऊ द्या. वाऱ्याचं कलम कुठल्यात हाय, तेवढं सांगा."

हा प्रश्न कुठून येतोय ते मला माहीत होतं. जुन्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग काढून हप्ता कमी करून घेता यायचा. मालकांनी गोदामासाठी तेच केलं होतं. समुद्र कुठाय इथं? मग एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं गोदामाचे पत्रे उचलले, पाठोपाठ पाऊस आला आणि हरभऱ्याची पोती भिजून फुगली. दावा नामंजूर झाला. कागदावर तो नामंजूर होणारच होता, पण माणसाच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच कलम बसलं.

मी म्हणालो, "मालक, वारा तिन्हीत आहे." 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकानं ठरवून दिलेल्या पॉलिसी आल्यात. घरासाठी भारत गृह रक्षा. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल अशा धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. वादळ, चक्रीवादळ, पूर आणि आपला लाडका भूकंप, सगळं दोन्हीत असतं.

"मग सगळ्यात स्वस्त ते करा की."

"तिन्ही कोटेशनं राहत्या घराची आहेत. तुम्ही खोल्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं देणार."

खरी अडचण ही होती. गृह रक्षेच्या अटींत लिहिलंय की घर स्वतःच्या, भाडेकरूच्या किंवा नोकराच्या राहण्यासाठी हवं. सुट्टीतलं घर म्हणून किंवा राहण्या-जेवणाच्या धंद्यासाठी वापरलेलं चालत नाही. मालक हसले. "पाव्हणे म्हंजे पाव्हणेच. राहतं घर लिहा, कोण बघायलंय?" दावा आला की नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर बघतो. खोल्यांचे फोटो आणि दर इंटरनेटवर टाकलेले असतात, ते त्याला चहा निवेपर्यंत सापडतात. मी लिहिणार नाही म्हणालो. थोडा वेळ ते पंख्याकडं बघत बसले.

मग रक्कम. त्यांनी 90 लाख धरले होते, म्हणजे खरेदीची किंमत. जमीन वाऱ्यानं उडत नाही. विमा घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा करायचा. 1,500 चौरस फूट आणि फुटाला 2,000 धरले तर 30 लाख. जास्त लिहिले म्हणून जास्त मिळत नाही, हप्ता मात्र जास्त जातो. उलट फार कमी लिहिले तर दाव्यात कात्री लागते. सूक्ष्म उद्यममध्ये 15 टक्क्यांपर्यंत कमी लिहिलेलं माफ असतं, त्यापुढं नाही. धान्य तोलणाऱ्या माणसाला हे एका दमात कळलं.

घर राखणाऱ्या काकांना त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला चढलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या वाऱ्यानं. काका घराबद्दल थोडकंच बोलले. कौलं गेली, ती पुन्हा घातली. बोलले ते वाडीबद्दल. सुपाऱ्या मुळासकट आडव्या झाल्या, आणि नवीन रोप फळायला वर्षं जातात. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते नुसतं समुद्रातून गुजरातकडं गेलं, तरी त्यांची झोप उडाली होती.

"वाडी बसती का यात?" मालकांनी हळूच विचारलं.

नाही बसत. झाड छपरावर पडलं तर छपराचे पैसे मिळतात, झाडाचे नाही. खोल्या बंद राहून बुकिंग बुडालं तर तेही यात नाही, त्याला वेगळा विमा लागतो. आणि दगडी कुंपण रकमेत धरून वेगळं दाखवलं, तर वादळात पडल्यावर पैसे मिळतील. पण लाटांनी खालची जमीन हळूहळू खात नेली, तर ती किनाऱ्याची धूप, आणि धूप वगळलेली असते. काका फोनवरून म्हणाले, "ती तर रोजचीच आहे."

मालकांनी वही काढून हे सगळं मोडीसारख्या अक्षरात उतरवलं. धंद्याच्या पॉलिसीचा हप्ता ऐकून कपाळाला आठ्या घातल्या आणि सवयीनं घासाघीसही केली. शेवटी सूक्ष्म उद्यम ठरली. छपरावरचं सोलर, फाटक, कुंपण, खोल्यांतलं सामान, सगळ्याची वेगवेगळी किंमत ठेकेदाराकडून आणायला सांगितली.

जाताना दारात थांबले. "गोदामाच्या आताच्या पॉलिसीत वारा हाय ना?"

मी फाइल काढून पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं, मगच गेले.

दोन दिवसांनी मुलगा अंदाजपत्रक घेऊन आला. त्यात सुपारीची झाडं मोजून लावली होती आणि कुंपण सोडलं होतं. परत पाठवला.