राणी मेव्हच्या टेकडीला प्रदक्षिणा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगो काउंटीत, नॉकनारे नावाची चुनखडीची टेकडी आहे. तिची उंची अवघी ३२७ मीटर असली, तरी समुद्रालगत ती एकटीच उभी असल्यामुळे आसपासच्या मुलुखात कुठूनही नजरेस पडते, आणि तिच्या सपाट माथ्यावर जणू दुसरी छोटी टेकडी आणून ठेवावी तशी दगडांची एक प्रचंड रास दिसते. ही रास सुमारे ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे. ती सुमारे ५,००० वर्षांपूर्वी रचली गेली असावी आणि तिच्या पोटात, दगडी बोळातून आत जाण्याचे थडगे असावे, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. मात्र ही रास आजवर कोणीही उत्खनन करून उघडलेली नाही. लोककथेच्या दृष्टीने तिथे पश्चिमेकडील कॉनॉट प्रांताची राणी मेव्ह पुरलेली आहे, आणि तीही आडवी नव्हे, तर हातात शस्त्र घेऊन, उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातल्या शत्रूंकडे तोंड करून, ताठ उभी.

मी पहिल्यांदा नॉकनारे चढले तेव्हा या राशीवरही चढले. माझ्या पुढे चार-पाच माणसे वर जात होती, राशीवर पायांनी मळलेली वाट स्पष्ट दिसत होती, आणि वरून समुद्र आणखी चांगला दिसेल एवढाच विचार मनात होता. पायाखाली दोन दगड सरकले आणि खडखडत खाली गेले, त्याकडेही मी लक्ष दिले नाही. खाली उतरल्यावर वाटेच्या सुरुवातीचा फलक वाचला. राशीवर चढू नये, दगड हलवू नयेत, अशी त्यावर विनंती होती. चढताना मी त्या फलकावरून तशीच पुढे गेले होते. त्या दिवसाची बोच मला अजून आहे, आणि त्यानंतर या देशातल्या डोंगरवाटांवर जे जे पाहिले आणि ऐकले, ते मी त्या दोन दगडांच्या आवाजासकटच पाहिले.

डब्लिन शहराच्या दक्षिणेला माँटपेलिअर हिल आहे. किल्लाकी रस्त्यावर गाडी लावली की सूचिपर्णी झाडांच्या लागवडीतून एक चढा रस्ता वर जातो, आणि अर्ध्या तासाच्या आत आपण ३८३ मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचतो. खाली सगळे शहर, डब्लिनचा उपसागर आणि पूलबेग वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसतात. माथ्यावर एक काळवंडलेली, दारे-खिडक्या नसलेली दगडी इमारत आहे, तिला सगळे हेलफायर क्लब म्हणतात. आयरिश हाऊस ऑफ कॉमन्सचे सभापती आणि त्या काळातील अतिशय धनाढ्य गृहस्थ विल्यम कॉनॉली यांनी १७२५ च्या सुमारास शिकारीसाठी ती बांधली, आणि बांधकामाला लागणारा दगड माथ्यावरच असलेल्या प्राचीन थडग्याच्या राशीतून काढून घेतला. थोड्याच दिवसांत एका वादळात इमारतीचे छप्पर उडाले. परिसरातील लोकांनी त्याचा अर्थ लगेच लावला: ज्यांच्या घराचे दगड नेले त्यांनी, किंवा त्यांच्या वतीने सैतानाने, हिशेब चुकता केला. कॉनॉली यांनी नवे छप्पर बांधले ते दगडी कमानीचे, आणि ते आजही उभे आहे.

या इमारतीची दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. १७३० च्या दशकात डब्लिनमधल्या उमराव मंडळींचा हेलफायर क्लब नावाचा जो बदफैली क्लब होता, त्याच्या मैफली इथे होत असत असे परंपरा सांगते. एका रात्री एक परका पाहुणा पत्ते खेळायला बसला, कोणाच्या तरी हातून पत्ता खाली पडला, तो उचलायला वाकलेल्या माणसाला टेबलाखाली पाहुण्याच्या पायाच्या जागी खूर दिसला, आणि क्षणात पाहुणा नाहीसा झाला. लोक आज ही गोष्ट ऐकण्यासाठी रात्रीबेरात्री वर जातात. मला मात्र छपराची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण खुराच्या गोष्टीत केवळ भीती आहे, तर छपराच्या गोष्टीत एक तक्रार जपून ठेवलेली आहे. इमारतीच्या मागे गवतात जो खोलगट, उंचसखल भाग दिसतो, तिथे एके काळी काय होते, हे ती तक्रार सांगत राहिली. २०१६ मध्ये इथे उत्खनन झाले, तेव्हा ते सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे बोळाचे थडगे होते हे स्पष्ट झाले, आणि त्या काळातील कोरीवकाम असलेला एक दगडही मिळाला. उतरताना मी रस्त्यापलीकडच्या मॅसीज वुड या जंगलातून जाते. तिथे बीचची जुनी झाडे आहेत, ओढा आहे, एका पाडलेल्या हवेलीच्या बागेच्या भिंती शेवाळाखाली दबल्या आहेत, आणि झाडांच्या आडोशाला पाचरीच्या आकाराचे आणखी एक प्राचीन थडगे आहे, ज्याच्याजवळून बहुतेक माणसे न थांबता निघून जातात.

आयर्लंडच्या लोककथांतील ‘शी’ हा शब्द इथे समजून घ्यायला हवा. मुळात त्याचा अर्थ टेकाड, उंचवटा. आणि त्या उंचवट्यांत राहणारे ते ‘एस शी’, म्हणजे टेकाडवासी. इंग्रजीतून आपल्याकडे आलेली पंखांची इवली परी डोळ्यांसमोर आणली तर या लोकांविषयी काहीच कळणार नाही. जुन्या कथांप्रमाणे हे तूआहा डे डॅनन या दैवी वंशाचे लोक. माणसांशी झालेल्या युद्धात हरल्यावर जमिनीवरचा भाग माणसांकडे आणि जमिनीखालचा यांच्याकडे अशी वाटणी झाली, आणि ते प्राचीन थडग्यांच्या टेकाडांत राहायला गेले. ते माणसाएवढेच उंच, देखणे आणि मानी असतात. त्यांचे नाव शक्यतो घ्यायचे नाही, घ्यावेच लागले तर ‘भली माणसे’ म्हणायचे, आणि त्यांच्या घराला हात लावायचा नाही.

या शेवटच्या नियमाचा फायदा केवळ थडग्यांनाच झाला असे नाही. आयर्लंडभर मातीच्या गोल बांधांची सुमारे ४५,००० ठिकाणे आहेत. मध्ययुगाच्या पूर्वार्धात ती शेतकरी कुटुंबांची कुंपण घातलेली घरे होती, पण पुढे त्यांचा मूळ उपयोग विसरला गेला आणि लोक त्यांना शींचे गड मानू लागले. शेताच्या मधोमध असा गड असला तर नांगर त्याला वळसा घालून जाई. गडावरचे झाड तोडले तर गुरे मरतील, घरात आजारपण येईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोणताही कायदा नसताना, कोणताही पहारेकरी नसताना, एवढी ठिकाणे हजार वर्षे टिकली, त्यामागे या भीतीचा मोठा वाटा आहे असे मला मनापासून वाटते. पुढे ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले, भीती ओसरली, आणि असे पुष्कळ गड जमीनदोस्त झाले. तरीही ती पूर्णपणे गेलेली नाही. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून येथे महामार्गाच्या वाटेत हॉथॉर्नचे एक एकटे काटेरी झुडूप येत होते. कथाकथनकार एडी लेनिहन यांनी ते शींचे झुडूप असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि ते वाचवण्यासाठी प्रयत्न केले, आणि अखेर रस्त्याच्या आखणीत ते झुडूप राखण्यात आले.

कुठेही चालायला जाण्यापूर्वी मी एक गोष्ट न चुकता करते. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने देशातील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना एक काम दिले होते: घरातील आणि शेजारच्या वृद्ध माणसांकडून कथा, समजुती, औषधे, खेळ, ठिकाणांची नावे असे सगळे विचारून वहीत लिहून आणायचे. त्यातून सुमारे ७,४०,००० पानांचा संग्रह झाला, आणि आता तो गावागावांनुसार इंटरनेटवर वाचता येतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे वळणदार अक्षर, खाली सांगणाऱ्याचे नाव आणि वय. त्यात एखाद्या दगडाबद्दल चारच ओळी असतात, पण त्या वाचून गेले की तो दगड शोधल्यावाचून राहवत नाही. माहितीफलक मला तो दगड कधीचा ते सांगतो. ती वही मात्र हे सांगते की त्या दगडाजवळून संध्याकाळी कोणी एकटे जात नसे.

मीथ काउंटीतील लॉक्रूच्या टेकड्यांवर मी अशीच वाचून गेले. या टेकड्यांचे आयरिश नाव स्लीव्ह ना कॅली, म्हणजे म्हातारीचा डोंगर. ही म्हातारी साधीसुधी नव्हे. ती ऋतूंची, हिवाळ्याची, डोंगर घडवणारी आदिम म्हातारी आहे. कथेप्रमाणे तिने ओच्यात दगड भरले आणि एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर उड्या मारत निघाली. प्रत्येक उडीला ओच्यातले दगड सांडले आणि त्यांच्या राशी झाल्या. शेवटच्या उडीला ती पडली आणि मेली. आपण गाडीतळावरून मेंढ्यांच्या कुरणातला आखूड पण दमवणारा चढ चढून माथ्यावर येतो, तेव्हा ही गोष्ट अक्षरशः डोळ्यांना पटते, कारण ओळीने उभ्या असलेल्या माथ्यांवर सांडल्यासारखी सुमारे ३० थडगी विखुरलेली आहेत. मुख्य राशीच्या कडेला म्हातारीची खुर्ची नावाचा भलामोठा कोरीव दगड आहे.

इथे विद्वानांना उशिराच वाट सापडली. १८६३ मध्ये युजीन कॉनवेल हे शिक्षण खात्यातील गृहस्थ पत्नीसोबत सहलीला इथे आले, आणि त्यानंतर या राशींची व्यवस्थित नोंद होऊ लागली. वसंतसंपात आणि शरदसंपाताच्या सुमारास सूर्योदयाचा प्रकाश मुख्य थडग्याच्या बोळातून आत जाऊन मागच्या कोरीव दगडावर सरकत जातो, हे तर १९८० मध्ये मार्टिन ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. याच काउंटीतील न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याची कहाणीही अशीच आहे. तिथे उगवता सूर्य आत शिरतो असे परिसरातील लोक सांगत असत. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ’केली यांनी ते मनावर घेतले आणि १९६७ च्या डिसेंबरमध्ये अयनदिनाच्या पहाटे आत एकटे उभे राहून तो प्रकाश स्वतः पाहिला. लॉक्रूचे मुख्य थडगे २०१८ पासून संवर्धनासाठी बंद आहे. मी लोखंडी जाळीतून आत डोकावले, तेव्हा अंधारात पहिल्या काही दगडांवरची फुले, चक्रे आणि नागमोडी रेघा तेवढ्या दिसल्या. मला वाईट वाटले, पण नॉकनारेवरचे ते दोन दगड आठवले आणि दार बंद असणेच योग्य आहे हे मान्य केले.

गोष्टी नेहमीच दगड राखतात, असे म्हणण्याचा मोह मला पुष्कळ दिवस होता. तो अर्मा काउंटीतील स्लीव्ह गलियनने मोडला. ५७३ मीटर उंचीचा हा डोंगर. पायथ्याला जंगल, वर हेदरची जांभळी-तपकिरी झुडपे, पाणथळ जमीन आणि माथ्यावर एक छोटे काळेशार तळे. इथेही तीच म्हातारी आहे. तिने तळ्यात पडलेली अंगठी काढायला आयरिश कथांतील वीर फिन मॅक कूल याला पाण्यात उतरवले, आणि तो बाहेर आला तो पांढऱ्या केसांचा, वाकलेला वृद्ध होऊन. तळ्याच्या दक्षिणेला उंचावर असलेल्या थडग्याला म्हातारीचे घर म्हणतात. आणि याच नावामुळे १७८९ मध्ये गावकऱ्यांनी ते फोडले: खरोखरच म्हातारी आत बसली आहे का, हे त्यांना पाहायचे होते. थोडीशी माणसाची हाडे मिळाली. ज्या गोष्टीने शेकडो वर्षे लोकांना दूर ठेवले, तीच गोष्ट एके दिवशी त्यांना कुदळ घेऊन वर घेऊन आली. गोष्टीवरचा विश्वास आणि गोष्टीविषयीचे कुतूहल यांत केवढे अंतर आहे, हे मला त्या थडग्याच्या दाराशी वाऱ्यात उभे असताना कळले.

मागच्या शरदात मी पुन्हा नॉकनारेला गेले. या वेळी स्ट्रँडहिलच्या बाजूने, क्वीन मेव्ह ट्रेल नावाच्या वाटेने चढले. ही वाट जंगलातून जाते, चिखलाच्या भागात लाकडी पायऱ्या घातलेल्या आहेत, आणि झाडे संपली की एकदम वारा अंगावर येतो. माथ्यावर मुख्य राशीच्या आसपास लहान थडग्यांचे अवशेष आहेत; त्यांचे दगड उचलून कोणी गवतावर आपली नावे मांडली होती. मी ती नावे मोडली नाहीत, कारण दगड पुन्हा हलवणे हेही हलवणेच. राशीवर तिघे-चौघे चढत होते. त्यांतली एक मुलगी खाली आल्यावर मी तिला आतल्या थडग्याबद्दल आणि उभ्या राणीबद्दल सांगितले. ती थोडा वेळ राशीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी तिच्या डोक्यावर उभी होते.”

आयर्लंडमध्ये पवित्र विहिरींभोवती फेऱ्या घालण्याची जुनी रीत आहे, आणि त्या सूर्याच्या गतीने, म्हणजे पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून घालायच्या असतात. त्या रीतीला ‘देशल’ म्हणतात, आणि हा शब्द उजवीकडच्या दिशेवरून आलेला आहे, ज्याचे आपल्या दक्षिणेशी नाते भाषाशास्त्रज्ञ मान्य करतात. प्रदक्षिणा हा शब्द मला वेगळा शोधावा लागला नाही. मी रास उजव्या हाताला ठेवून निघाले. सुमारे २५० पावलांची फेरी. पूर्वेला खालच्या सखल भागात कॅरोमोरची थडगी दिसत होती, जी या राशीहूनही कित्येक शतके जुनी आहेत. पुढे बॅलिसडेअरचा उपसागर भरतीने भरला होता. मग पश्चिमेचा उघडा समुद्र आला, आणि उत्तरेकडे वळले तेव्हा बेन बुल्बेन डोंगराचा सपाट कडा ढगात निम्मा बुडालेला होता. फेरी पूर्ण होईतो पाऊस समुद्रावरून टेकडीपर्यंत पोहोचला. राशीवरचे दगड एकेक करून काळे होत गेले, आणि मी टोपी ओढून जंगलाच्या वाटेला लागले.