आमची वाटचाल: ट्रेडलपासून क्यूआर स्टँडीपर्यंत

आमचा प्रेस वडिलांनी १९८४ साली टाकला. आधी ते कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, दोन वर्षं आज मिटेल उद्या मिटेल करत काढली आणि मग आईच्या पाटल्या मोडून एक जुनं ट्रेडल मशीन, पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, घेतलं, लालबागला चाळीच्या तळमजल्यावर. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला ते चाळिशीत शिकले. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, वाण्याची बिलबुकं, असं सगळं आजूबाजूचंच काम. पुढे लोअर परळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेतला, मिनी ऑफसेट आलं, डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी आली, आणि २०१७ ला मी लोन काढून सेकंडहँड टू कलर मशीन घेतलं. वडील म्हणाले कर्ज नको, मी ऐकलं नाही. त्याचा पुढे उलटाच फायदा झाला, ते सांगतो नंतर.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एरियात कोणाचं काय चाललंय हे प्रेसवाल्याला सगळ्यात आधी कळतं. नवीन हॉटेल निघालं की मेनूकार्ड आमच्याकडे, क्लास निघाला की हँडबिलं आमच्याकडे, आणि एखादा दुकानदार दरवर्षी दहा बिलबुकं न्यायचा तो चारच मागायला लागला की समजायचं याचं काही खरं नाही. त्यामुळे लॉकडाऊन लागला तेव्हा आमचा एकट्याचाच धंदा बंद नाही झाला, सगळ्यांचे मिळून जेवढे धंदे बंद झाले तेवढ्यांचा फटका आमच्यावर आला.

आणि टायमिंग बघा. मार्च म्हणजे आमचा डबल सीझन. लग्नसराई असतेच आणि १ एप्रिलपासून नवीन बिल नंबर चालू करायचे म्हणून सगळ्यांना मार्चएंडच्या आत बिलबुकं हवी असतात. २०२० च्या २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली आणि २५ ला, बरोब्बर गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर लॉकडाऊन. गाळ्यात नंबरिंग करून, पर्फो (पान फाडायची भोकांची रेघ) मारून, बांधून ठेवलेले बिलबुकांचे गठ्ठे, प्रत्येकावर २०२०-२१ छापलेलं, आणि न्यायला कुत्रं येत नाही. एप्रिल-मेच्या मुहूर्तांच्या पत्रिका तयार होत्या. त्या तारखा गेल्या, मग लग्न ५० माणसांत करायचं म्हटल्यावर पत्रिका कोण वाटणार, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला की झालं. अ‍ॅडव्हान्स बहुतेकांनी परत मागितला नाही हा त्यांचा मोठेपणा, पण उरलेले पैसे मागायला आमचीही जीभ रेटेना. माल शेवटी रद्दीत गेला.

जूनमध्ये मिशन बिगिन अगेन, म्हणजे टप्प्याटप्प्याने सगळं उघडणं, सुरू झालं आणि आम्ही शटर उघडलं. प्रेस दोन-अडीच महिने बंद ठेवला की काय होतं ते ज्याचं मशीन आहे त्यालाच कळेल, ब्लँकेट, म्हणजे शाई कागदावर उतरवणारं रबर, कडक झालेलं, रोलर एका जागी टेकून बसल्यामुळे त्यावर चपटे पट्टे, आणि पावसाळी हवेत कागद असा वळलेला की मशीनला कागद पुरवणारा फीडर उचलेचना. पण मशीन दुरुस्त होतं हो, माणसं कुठून आणायची? आमचे मशीनमन काका विरारला राहतात. १५ जूनला लोकल चालू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी, आणि प्रेस काही अत्यावश्यक नाही. बसने दोन-तीन तास जायला, तेवढेच यायला, तेही उभ्याने. शेवटी काका सोमवार ते शनिवार गाळ्यातच झोपायला लागले, कटिंग टेबलावर गादी टाकून. हेल्पर पोरगा गावी गेला तो परत आलाच नाही, तिकडेच कुठेतरी काम धरलं म्हणे. बाइंडिंगच्या दोन मावशी होत्या, बाइंडिंगचं कामच नाही तर त्यांना काय सांगणार. मी जमेल तसे सहा महिने अर्धे पैसे दिले, पुढे नाही जमलं. त्यातल्या एकीने मग घरी पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली आणि आज ती माझ्याकडे कमवत होती त्यापेक्षा जास्त कमावते, त्याचं मला बरंच वाटतं.

सामान्य लोकांना लोकल मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, त्यातही वेळा ठरवून, आणि एप्रिलमध्ये ब्रेक द चेनच्या निर्बंधांत परत बंद, ते थेट १५ ऑगस्टला, तेही दोन डोस झालेल्यांना. दुसऱ्या लाटेत तर लग्नाला २५ माणसं आणि दोन तासांत उरका, नाहीतर ५० हजार दंड. आता यात पत्रिका छापायचा विषयच संपला.

मदतीचं म्हणाल तर याद्या खूप निघाल्या, आम्ही कुठल्याच यादीत नीट बसेना. फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून १० हजारांचं कर्ज, पण आम्ही फेरीवाले नाही. सरकारने काही महिने पीएफचा २४ टक्के वाटा भरला, पण वीस माणसांखालच्या प्रेसला पीएफच लागू नाही. एप्रिल २०२१ ला राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम कामगार यांना १५०० रुपये जाहीर केले, त्यांना मिळायलाच पाहिजे होते, पण माझा मशीनमन त्यात कुठेच नव्हता. लाइटबिलातला फिक्स चार्ज माफ नाही, नुसता पुढे ढकलला. हप्त्यांचं मोरेटोरियम ऑगस्ट २०२० पर्यंत, तेही पुढे ढकलणंच, व्याज चालूच.

आम्हाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती केंद्राची तारणाशिवाय इमर्जन्सी कर्जाची स्कीम, ईसीएलजीएस. पण ती कोणाला? २९ फेब्रुवारी २०२० ला ज्याचं लोन चालू होतं त्याला, बाकी रकमेच्या २० टक्के. म्हणजे माझ्या मशीनच्या लोनमुळे मला मिळालं आणि बाजूच्या गाळ्यातला लॅमिनेशनवाला, ज्याने आयुष्यात कोणाचा रुपया उचलला नाही, त्याला शून्य. वडील त्यावर काही बोलले नाहीत, फक्त हसले. तो माणूस २०२१ च्या दिवाळीआधी मशीन विकून गावाला गेला.

महापालिकेचं बोलायचं तर मी उगाच शिव्या घालणार नाही. आमच्याच वॉर्डात वरळी कोळीवाडा, जिजामातानगर होतं, सुरुवातीला तिथे काय परिस्थिती होती ते बघितलंय आम्ही, आणि त्या काळात सफाई कामगार, आरोग्यसेविका, वॉर्डातला स्टाफ राबला हे खरं आहे. पण धंदा म्हणून आमच्याशी पालिकेचा संबंध आला तो नोटीस आणि दंडापुरता. जानेवारी २०२२ ला ५०० फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, घरांचा, गाळ्यांचा नाही. माझा गाळा ५०० च्या आतच आहे, मालक टॅक्सचे पैसे भाड्यात धरतो ते धरतोच.

मग जगलो कसे? गल्लीनेच जगवलं. घरून डबे, मसाले, फराळ विकणाऱ्या बायका-पोरं एवढी निघाली की लेबल आणि स्टिकरचं काम सुरू झालं. शंभर शंभर नग हवे असतात त्यांना, मोठे प्रेस हातही लावत नाहीत. दुकानांत अंतर ठेवून उभं राहायला खाली चिकटवायचे गोल, ‘मास्क नाही तर प्रवेश नाही’चे बोर्ड, मग पेमेंटच्या क्यूआरच्या स्टँडी. एका हॉटेलचं मेनूकार्ड आम्ही वर्षानुवर्षं छापायचो, त्याने टेबलावर क्यूआर लावला आणि तो क्यूआरही माझ्याकडूनच छापून घेतला. एकदाच, संपलं.

त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून छापील मालावर जीएसटी १२ चा १८ झाला आणि कागदाचे भाव असे चढले की सकाळचं कोटेशन संध्याकाळी चालेना. २०२२ ला गणपतीवरचे निर्बंध उठले तेव्हा पहिल्यांदा दोन शिफ्ट चालवल्या. लग्नाचं काम मात्र निम्म्यावर आलं ते आलंच, लोकं आता देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरी द्यायला म्हणून पन्नास पत्रिका करतात. उधारीचं विचारू नका. कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, पण आपल्याच गिऱ्हाईकावर कोण तक्रार करतो, पुढची ऑर्डर गेली म्हणून समजा.

ऑगस्ट २०२४ ला त्या इमर्जन्सी लोनचा शेवटचा हप्ता गेला. काका अजून आहेत, आता विरारहून वेळेवर येतात. बाइंडिंगला एक नवीन मुलगी घेतलीय.

माझं एकच म्हणणं होतं आणि आहे. वॉर्ड ऑफिसला वर्षभर फॉर्म, रजिस्टर, बोर्ड, पत्रकं लागतात. मोठ्या टेंडरच्या टर्नओव्हर आणि डिपॉझिटच्या अटीत आम्ही बसत नाही, पण त्यातलं थोडं छोटं काम त्याच वॉर्डातल्या प्रेसला आळीपाळीने द्या, फुकटची मदत नको. असा अर्ज आम्ही आजूबाजूच्या गाळेवाल्यांनी मिळून २०२३ ला दिला. पूर्वी असं काही असलं की नगरसेवकाला गाठायचो, पण ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक पुढे पुढेच जात राहिली, ती झाली थेट जानेवारी २०२६ ला, मग तेव्हा गाठायचं कोणाला? खिडकीवर अर्ज दिला, शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक मिळाला. दर दोन-चार महिन्यांनी जाऊन विचारतो, फाइल वर पाठवलीय म्हणतात.