लॉकफाइल कुठल्या एनपीएमने लिहिली?

एनपीएम हे नोडच्या (म्हणजे जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये पॅकेजं बसवणारं साधन, आणि पॅकेज-लॉक ही त्याची लॉकफाइल: कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती बसवायची याची नोंद. रिव्ह्यूला आलेल्या बदलात पॅकेज-लॉक असेल तर मी आधी तिच्यातला 'लॉकफाइल-व्हर्जन'चा आकडा बघते. एनपीएम 6 तिथे 1 लिहायचं, 7 आणि 8 नव्या फाइलीत 2 लिहितात, 9 पासून 3.

आमच्याकडे एक जुना प्रोजेक्ट अजून नोड 14 वर, म्हणजे एनपीएम 6 वर चालायचा. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने रीडमीत लिहिल्याप्रमाणे नोडची ताजी आवृत्ती टाकली आणि तारखा दाखवायचं एक छोटं पॅकेज जोडलं. तिच्या एनपीएमने 1 ची फाइल थेट 3 ची केली. डिफमध्ये हजारो ओळी लाल-हिरव्या, आणि सीआय, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा, बंद. 3 च्या फाइलीत जुन्या एनपीएमला लागणारा 'डिपेंडन्सीज' हा भागच नसतो, त्यामुळे सीआयवरच्या एनपीएम 6 ला त्यातून काही कळेना. (फाइल 2 ची असती, तर नव्या एनपीएमने ती 2 चीच ठेवली असती.)

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तरी पहिल्याच आठवड्यात चारचौघांत 'तुझ्यामुळे बिल्ड पडली' हे तिला ऐकावं लागलं. याचा मला फार राग येतो. जो नियम फक्त जुन्या लोकांच्या डोक्यात आहे, तो मोडल्याचा दोष नव्या माणसाला कसा देता येईल?

आकडा तर नुसती वरची खूण. एनपीएम 7 पासून पीअर डिपेंडन्सी, म्हणजे एखाद्या पॅकेजला सोबत लागणारी दुसरी पॅकेजं, आपोआप बसतात, 6 मध्ये बसत नव्हत्या. म्हणजे पॅकेज-जेसन (हव्या असलेल्या पॅकेजांची यादी असलेली फाइल) तेच, पण दोघांच्या मशीनवर पॅकेजं वेगळी. मग कुणीतरी एनपीएमला या बाबतीत जुन्यासारखं वागायला लावणारा 'लेगसी-पीअर-डेप्स'चा फ्लॅग लावून मोकळं होतं आणि खरा घोळ तसाच राहतो.

आता नोडची नेमकी आवृत्ती एनव्हीएमआरसीत (नोडच्या आवृत्त्या बदलणाऱ्या एनव्हीएमच्या फाइलीत) असते. पॅकेज-जेसनच्या 'इंजिन्स'मध्ये एनपीएमची आवृत्ती लिहिली आहे, आणि सोबत एनपीएमआरसी या एनपीएमच्या सेटिंगच्या फाइलीत 'इंजिन-स्ट्रिक्ट' चालू केलंय, कारण त्याशिवाय एनपीएम फक्त इशारा देतं आणि पुढे जातं. सीआयवर नेहमी 'एनपीएम सीआय' ही कमांड, जी लॉकफाइल न बदलता तिच्यात आहे तेच बसवते. पीएनपीएम या एनपीएमसारख्याच दुसऱ्या साधनाच्या प्रोजेक्टमध्ये 'पॅकेज-मॅनेजर' या फील्डमध्ये पूर्ण आवृत्ती लिहितो. पीएनपीएम 10 ती वाचून स्वतःच त्या आवृत्तीवर जातं. कोअरपॅकवर, म्हणजे त्या फील्डमधली आवृत्ती चालवून देणाऱ्या नोडसोबतच्या साधनावर, मात्र विसंबून राहू नका. नोड 25 पासून ते सोबत येत नाही, आणि येत होतं तेव्हाही एनपीएमसाठी ते वेगळं चालू करावं लागायचं.

रुबीवाल्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांच्या जेमफाइल-लॉक या लॉकफाइलच्या तळाशी बंडलरची, म्हणजे रुबीची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची, आवृत्ती लिहिलेली असते, आणि बंडलर 2.3 पासून तो तीच आवृत्ती स्वतः आणून चालवतो. मशीनने हे असंच सांभाळायला हवं.

एनपीएम वाढवायचंच असेल तेव्हा आम्ही त्याचा वेगळा पुल रिक्वेस्ट करतो. त्यात आवृत्तीचा बदल आणि नव्याने तयार झालेली लॉकफाइल, बाकी एक ओळही नाही. तो मर्ज होईपर्यंत कुणी नवं पॅकेज जोडत नाही.