इंग्रजी वाक्यांचं व्याकरण चालवताना: 'एलवाय' मागे पडलं, आता 'ऑफ'

रोज इंग्रजी वर्तमानपत्रातलं एक वाक्य वहीत उतरवायचं आणि त्यातल्या शब्दाशब्दाचं व्याकरण चालवायचं, हा शिरस्ता चालू आहे. मागच्या नोंदीनंतर गाडी बरीच पुढे गेली.

'एलवाय' शेवटाच्या शब्दांचा टप्पा पार झाला. फ्रेंडली, लोनली, कॉस्टली ही शेवटी 'एलवाय' असूनही क्रियाविशेषणं नव्हेत, विशेषणं. फास्ट आणि हार्ड विशेषणही होतात, क्रियाविशेषणही. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राबतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो. ही जोडी शेजारीशेजारी लिहिली की कायमची डोक्यात बसते. क्रियाविशेषण ओळखायचे शाळेतले 'कसे, केव्हा, कोठे, किती' हे प्रश्न इथवर चोख साथ देतात.

त्यापुढे मात्र ते अपुरे पडतात. ही दोन वाक्यं बघा: 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' आणि 'ही टर्न्ड ऑफ द रोड'. साचा हुबेहूब एकच. आता नामाच्या जागी 'इट' घाला. दिव्याच्या वाक्यात ते मध्ये शिरतं: 'टर्न्ड इट ऑफ'. रस्त्याच्या वाक्यात ते 'ऑफ'नंतरच राहतं: 'टर्न्ड ऑफ इट'. दुसरी कसोटी मला त्याहून आवडते, कारण तिथे क्रियाविशेषणच पंचाचं काम करतं. 'टर्न्ड शार्पली ऑफ द रोड' सहज चालतं, पण 'टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट' कानाला लगेच खटकतं. म्हणजे दिव्याचा 'ऑफ' क्रियापदाला चिकटलेला आहे, आणि रस्त्याचा 'ऑफ' नामाशी बांधलेलं शब्दयोगी अव्यय आहे.

या चिकटलेल्या 'ऑफ'ला म्हणायचं काय? शालेय व्याकरण त्याला क्रियाविशेषण म्हणतं. पेन ट्रीबँक, म्हणजे शब्दाशब्दावर व्याकरणाची खूण लावलेला इंग्रजी वाक्यांचा संग्रह, त्याच्या खुणांत याला 'आरपी', म्हणजे पार्टिकल, ही वेगळी खूण आहे. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांचं 2002 चं केंब्रिज व्याकरण दोन्ही 'ऑफ' शब्दयोगीच धरतं. त्यांचं म्हणणं असं की 'ईट' (खाणे) हे कर्म असलं-नसलं तरी क्रियापदच राहतं, मग 'वेन्ट आउटसाइड द हाउस' आणि नुसतं 'वेन्ट आउटसाइड' यांतल्या 'आउटसाइड'ची जात का बदलावी? युक्तिवाद बिनतोड वाटतो. तरी वहीत मी पार्टिकलला वेगळा रंग ठेवलाय, कारण वरच्या कसोट्यांवर दिसणारा फरक पानावरही दिसायला हवा.

जाता जाता 'येस्टरडे'. 'केव्हा'चं उत्तर देतो म्हणून आपण त्याला डोळे झाकून क्रियाविशेषण म्हणतो, पण पेन ट्रीबँकमध्ये त्यावर नामाची खूण असते. 'येस्टरडेज पेपर' म्हणून बघा, षष्ठीचा प्रत्यय बिनदिक्कत लागतो. आणि 'नॉट'? तिथे ते 'आरबी', म्हणजे क्रियाविशेषणांच्या रांगेत.

पुढचा मुक्काम 'दॅट'. 'आय नो दॅट मॅन', 'आय नो दॅट ही केम', 'द बुक दॅट आय रेड' आणि 'इट इजन्ट दॅट बॅड' ही चार वाक्यं वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवली आहेत. शेवटच्यातलं 'दॅट' क्रियाविशेषण आहे, कारण तिथे 'व्हेरी' बसतं. मधल्या दोघांसाठी पक्की कसोटी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.