पावशेर ऊब

जानेवारीतल्या एका सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी कानटोपी घालून पोहे परतत होते.

"कुठं निघालीस का?"

"नाही गं, घरातच आहे."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "एवढ्या बुलेट ट्रेन पळवतात ती माणसं, आणि घरात कानटोपी?"

तिचंही खरंच आहे. टोकियोत जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंशांच्या आसपास असतं, पहाटे पारा एक-दोनवर येतो. निफाडकर यावर हसतील. पण निफाडला दुपारी अंगणात खुर्ची टाकली की हाडं सैल होतात. इथं मात्र थंडी घरात आमच्यासोबतच राहते, भाडं न देता. आमचं घर जुनं, लाकडी. भिंती पातळ, खिडक्यांना एकेरी काच. बैठकीच्या खोलीत हीटर असतो, पण खोलीचं दार उघडून बोळात पाऊल टाकलं की थेट महाबळेश्वर.

पहिल्या हिवाळ्यात मी यावर फार चिडचिड केली. दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं की इथं घर तापवायची पद्धतच नाही. तापवायचा तो माणूस, आणि तोही सगळा नाही. आत्ता पाय, मग तळहात, मग पाठ. ऊब इथं घाऊक मिळत नाही. पावशेर, छटाक अशी घ्यायची.

त्यातला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे कोतात्सु. बुटकं टेबल, त्याच्या पोटाला खालून चिकटवलेला हीटर, वरून चारी बाजूंनी लोंबणारी दुलई आणि दुलईवर पुन्हा टेबलाची फळी. पाय आत घालायचे आणि बसायचं. पूर्वी खाली निखारे असत, आता वीज. कमरेखाली वैशाख, कमरेवर पौष. फळीवर मिकान, म्हणजे सहज सोलली जाणारी छोटी संत्री. बोटांची टोकं पिवळी होईपर्यंत ती खायची, कारण उठून दुसरं काही आणायचं म्हणजे पाय बाहेर काढावे लागतात. कोतात्सुतून न उठणाऱ्या माणसाला इथं गमतीनं 'कोतात्सुमुरी' म्हणतात. 'कातात्सुमुरी' म्हणजे गोगलगाय, त्यावरून. हा शब्द कळला तेव्हा मी एकटीच हसत सुटले. गोगलगाय नि पोटात पाय! आपल्या म्हणीचा इतका शब्दशः पुरावा टोकियोत सापडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या कोतात्सुवर गेल्या वर्षीपासून दुलईच्या जागी आईनं पाठवलेली गोधडी आहे. आजीच्या नऊवारीचे तुकडे, वर संत्र्यांची टोपली.

पण कोतात्सु काही खांद्यावर टाकून बाहेर नेता येत नाही. त्यासाठी 'काइरो'. ही एक तळहाताएवढी पुडी. आत लोखंडाची पूड, मीठ, थोडं पाणी आणि कोळशाची भुकटी. वेष्टन फाडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं, आणि गंजताना जी उष्णता निघते ती आपली. खिशात ठेवायचे काइरो वेगळे, पाठीला चिकटवायचे वेगळे, बुटात घालायचे वेगळे. आईला हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

"म्हणजे तू गंज विकत घेतेस?"

"हो."

"अगं, माळ्यावरची सायकल पाठवून देऊ का?"

लोक पूर्वी दगड तापवून, कापडात गुंडाळून छातीशी धरत. झेन मठातले भिक्षू भूक मारण्यासाठी असा दगड पोटाशी ठेवत आणि 'काइसेकी' या नाजूक जेवणाचं नाव त्या छातीशी धरलेल्या दगडावरून पडलं, असं सांगतात. भुकेवरच्या दगडाचं नाव इतक्या महागड्या ताटाला मिळावं, हे मला फार आवडतं.

रस्त्यावरही ऊब सुटी विकायला असते. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पेय-यंत्रांत उन्हाळाभर निळ्या पट्ट्या असतात. हिवाळा आला की त्यातल्या काही लाल होतात आणि त्यांवर 'अत्ताकाई', म्हणजे गरम, हा शब्द मध्ये नागमोडी रेघ ओढून लिहिलेला असतो. वाचतानाच तो 'ऊऽऽबदार' असा लांबतो. मी त्यातला मक्याच्या सूपचा डबा घेते. पहिली पाच मिनिटं तो हातात फिरवायचा, मग गालाला लावायचा, मग प्यायचा. शेवटी मक्याचे चार-पाच दाणे तळाशी चिकटून राहतात आणि भरल्या स्टेशनवर सुटाबुटातला मध्यमवयीन माणूस आकाशाकडे तोंड करून डब्याची पाठ थोपटताना दिसतो. डब्याच्या तोंडाखाली बोटानं थोडं दाबलं की दाणे नीट बाहेर येतात म्हणे. मला अजून जमलेलं नाही.

संध्याकाळी भाजक्या रताळ्यांची गाडी येते. "याकीऽऽ इमोऽऽ" अशी लांबलचक, जराशी रडवेली हाळी. तापलेल्या गारगोट्यांत भाजलेलं रताळं कागदी पिशवीतून मिळतं. आईनं या एका गोष्टीला तत्काळ मान्यता दिली, कारण एकादशीला चालतं.

22 डिसेंबरच्या आसपास वर्षातली सर्वांत मोठी रात्र येते. त्या रात्री टबातल्या गरम पाण्यात युझु नावाची सुगंधी लिंबं तरंगत सोडून आंघोळ करतात. आमच्या शेजारच्या आजींच्या अंगणात त्याचं झाड आहे. दर वर्षी त्या दिवशी दाराच्या कडीला युझुंची पिशवी अडकवलेली असते. इझुच्या प्राणिसंग्रहालयात तर 1982 पासून कॅपिबारा गरम पाण्यात बसतात आणि युझुची ही आंघोळ त्यांनाही मिळते. डोक्यावर लिंबू, डोळे अर्धे मिटलेले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर माझे बाबा अगदी असेच दिसत. फक्त त्यांच्या मागे टब नव्हता, तांब्याचा बंब होता.

बाहेरची मंडळीही पावशेरातच भागवतात. चिमण्या पिसं फुलवून अशा गोल होतात की मान कुठली नि पोट कुठलं कळत नाही. या रूपाला 'फुकुरा सुझुमे' असं खास नाव आहे आणि ते शुभ मानून किमोनोच्या कापडावरही काढतात. माकडं एकमेकांना चिकटून मोठा गोळा करतात, त्याला म्हणतात 'सारु-दांगो', माकडांचा लाडू. पर्सिमनच्या झाडावरची सगळी फळं उतरवली तरी शेंड्यावर एखादं ठेवतात. ते झाडाचं राखण म्हणायचं, पण खातात ते पक्षीच. शेजारच्या आजी मिकान अर्धं कापून फांदीला खोचतात. त्यावर मेजिरो येतो, हिरवा, डोळ्यांभोवती पांढरं कडं. अगदी आपल्या चष्मेवाल्याचा चुलतभाऊ. मग बुलबुलाच्या घराण्यातला हियोदोरी आरडाओरडा करत येतो, त्याला हाकलतो आणि सगळं एकटा संपवतो.

ही थंडी इतकी कोरडी का, याचं उत्तर मला मिळालं ते शिनकानसेनमध्ये, म्हणजे आईच्या त्या बुलेट ट्रेनमध्ये. सैबेरियाचं वारं जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतं आणि मधल्या डोंगरांवर बर्फ करून टाकतं. डोंगरांच्या अलीकडे टोकियोला उरतं ते नुसतं निळं आकाश आणि दाराच्या मुठीला हात लावताच बसणारा विजेचा चटका. उत्तरेकडे जाताना 22 किलोमीटरचा बोगदा लागतो. अलीकडे लख्ख ऊन, पलीकडे निइगातात खिडकीइतका बर्फ. मी वाईची आहे, मला हे समजायला नकाशा लागला नाही. डोंगर तिकडचं सगळं ठेवून घेतो आणि इकडे फक्त वारा पाठवतो, हे आम्ही दर पावसाळ्यात बघत मोठे झालो. तिकडच्या गावांत रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडून बर्फ वितळवतं. 1961 मध्ये नागाओका शहरानं हे सुरू केलं. पाण्यात लोह असतं, त्यामुळे रस्ते तांबूस झालेत. म्हणजे तिकडेही गंजच.

माझ्या या पावशेर-सिद्धांताला एकदाच धक्का बसला. नोव्हेंबरात बागांतल्या पाइन झाडांच्या कमरेला पेंढ्याच्या चटया गुंडाळतात. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात तशीच ही झाडांची माया, असं समजून मी आईला फोटोही पाठवला. "बघ, झाडालाही शाल!" नंतर आजींनी सांगितलं की ती शाल झाडासाठी नाहीच. पाइन खाणाऱ्या अळ्या थंडीत ऊब शोधत त्या पेंढ्यात शिरतात, आणि मार्चच्या सुरुवातीला, किडे जागे होतात त्या सुमारास, चटया सोडून त्यांच्यासकट जाळतात. म्हणजे ऊब खरी, पण पिंजऱ्यातली. त्या दिवशी कोतात्सुत पाय घालताना मी जरा थबकले.

मार्चमध्ये जाड कोट कपाटात टाकायला काढला, तर खिशात शेवटचा काइरो निघाला. लोखंड सगळं गंजून गेल्यावर ती पुडी थंड आणि टणक होते, अगदी त्या भिक्षूंच्या दगडासारखी. इथं कचरा 'जळणारा' आणि 'न जळणारा' असा वेगळा द्यावा लागतो. ही पुडी कशात, ते विचारायला मी आजींकडे गेले. आजींनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, पालिकेचा तक्ता आणला, चष्मा शोधला. तोवर ओट्यावर चहा उकळला होता, म्हणून आधी आम्ही तो घेतला.