नातवंडांची नावं आणि सिनाई
युद्ध बोलून थांबतं का, असा वाद निघाला की मला कॅम्प डेव्हिड आठवतं, अमेरिकी अध्यक्षांचं ते विश्रामस्थान, जिथे इजिप्त आणि इस्रायल बोलायला बसले. सप्टेंबर १९७८, १३ दिवस, आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांचं सुरुवातीलाच इतकं वाजलं की अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर मग मसुदा घेऊन या केबिनमधून त्या केबिनमध्ये चकरा मारत राहिले. शेवटी बेगिन निघायच्या तयारीत, तेव्हा कार्टरनी त्यांच्या नातवंडांसाठी सही केलेले फोटो नेले, प्रत्येकावर त्या त्या नातवंडाचं नाव! बेगिन एकेक नाव वाचायला लागले आणि डोळ्यांत पाणी. अर्थात नुसत्या फोटोंवर इस्रायलने १९६७ च्या युद्धात इजिप्तकडून घेतलेलं सिनाईचं वाळवंट सुटलं नाही हां, इजिप्तला जमीन हवी होती, इस्रायलला सुरक्षा, म्हणून सैन्यावर मर्यादा घालणारे पट्टे आखले. पॅलेस्टिनींना मात्र टेबलावर कोणी बोलावलंच नव्हतं, ते दुखणं अजून तसंच आहे.