सकाळच्या पहिल्या लघवीची बाटली

लेक १४ वर्षांची, टाइप वन मधुमेह आठव्या वर्षापासून. वर्षातून एकदा सकाळची पहिली लघवी बाटलीत धरायची म्हटलं, की "आई, शी!" सुरू. पण पहिलीच हवी, आणि आदल्या दिवशी कबड्डीची प्रॅक्टिस नको. लघवीत उतरणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तपासायचं असतं, आणि दिवसभर उभं राहून, धावूनही ते तात्पुरतं वाढतं.

ते लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या तुलनेत मोजतात; अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं हे गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असावं. वर गेलं तरी एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच खरं धरतात. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्याची ती खूण. डोळ्याचा पडदाही त्याचसाठी तपासतात. मोठ्या रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीवर मोजता येते, दंडाला पट्टा आवळून सोडल्यावर धमनी किती फुलते तेही. पण हे मुख्यतः संशोधनात. आमच्या डॉक्टरांनी सुचवलं नाही, मीही मागे लागले नाही.

मला धीर देतो तो अमेरिका-कॅनडातला टाइप वनवरचा डीसीसीटी अभ्यास. १९८३ ते १९९३, १४४१ रुग्ण, त्यांत १३ वर्षांची मुलंही. साखर काटेकोर सांभाळलेल्या गटात, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा, पुढे हृदयविकार-पक्षाघातासारखे प्रसंग ४२ टक्क्यांनी कमी झाले. आणि अभ्यासानंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली होती, तरीही!

"म्हणजे आत्ताची साखर पुढे मोजली जाणार?"

"हो."

"मग आंबा?"

फोडी मोजून, आधी इन्सुलिन. फोडी किती, यावर घासाघीस अजून चालू आहे.